मोंढा इलेव्हनचं दावं

मानवत,
गुरुवार

प्रिय रामप्रसाददादा,

रंगनाथचा नमस्कार. आपला फुटबॉल क्लब मोंढा इलेव्हन विकला गेला. क्लबचे मालक आणि तुमचे धाकटे भाऊ रायभान यांनी बायनाबाईच्या हॉटेलात, चहा अर्धा झाल्यावर, या वृत्ताला स्वतः दुजोरा दिला. (उभी हयात तालुका वार्ताहर म्हणून बातम्या धाडल्यामुळे माझी बातमी आधी येते आणि खुशाली मागून. राग मानू नका.) आता खुशाली. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं, तसल्ली वाटली. नाशिकची हवा तुम्हाला मानवली असेलच. इकडे आमच्या नातीची, निकिताची परीक्षा चालू असल्यानं मला घरात मोठ्यानं बोलायची बंदी आहे, आणि हे प्रकरण हळू आवाजात सांगता येण्यासारखं नाही. म्हणून पत्र.

मोंढ्याच्या बाजारातली कापसाची आडत बसल्यापासून रायभानला क्लब जड जात होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. पोरांचे बूट, परभणीला जायची गाडी, सामन्यानंतरची भजी, सगळं आडतीच्या गल्ल्यातून जायचं. गल्ला आटला तशी आम्हा चाहत्यांची बायनाबाईच्या हॉटेलात रोज सभा भरू लागली. मोबाईल दुकानवाला सोनू म्हणायचा, परदेशात चाहतेच क्लबचे मालक असतात, आपण वर्गणी काढू. जनावरांच्या बाजारातला दलाल लिंबाजी म्हणायचा, एका दावणीला पन्नास मालक झाले की बैल उपाशी मरतो. दोघांचंही पटायचं. वर्गणीचा विषय निघाला की सगळे कपाकडे बघायचे. शेवटी बायनाबाईच वैतागली. "एक चहा तिघात पिता अन् क्लब पोसायलाय व्हय रे! उठा, गिऱ्हाइकाला बसू द्या."

अशात परभणीचा योगीराज आला. हा प्लॉटिंगवाला. ग्रीन सिटी नावाच्या वसाहतीचे प्लॉट पाडतो. (सिटी अजून दिसत नाही, ग्रीन मात्र आहे, कारण सगळं सोयाबीनच आहे.) जाहिरातीसाठी त्याला क्लब पाहिजे होता. माणूस वाईट नाही, पोरांना महिन्याला मानधन देतो म्हणाला. रायभान तीन दिवसांनी हो म्हणाला. सौदा ठरवायला अर्थातच लिंबाजी बसला, आणि इथंच घोळ झाला.

तुम्हाला बाजाराचा रिवाज माहीत आहे. जनावर विकायचं, पण गळ्यातलं दावं सोडून घरी आणायचं, नाहीतर गोठ्याची बरकत जाते. सौदा पक्का व्हायच्या वेळी लिंबाजी गंभीरपणे म्हणाला, "बैल दिला, पण दावं देऊ नगा रायभानशेठ." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आता क्लबचं दावं कोणतं, यावर दुपार गेली. कोणी म्हणालं चेंडू, कोणी गोलची जाळी. सोनू शिट्टी म्हणाला, त्याला गप्प केलं. शेवटी रायभानच हळूच म्हणाला, नाव. मोंढा इलेव्हन हे नाव मी ठेवून घेतो. योगीराजला वाटलं, नारळ फोडण्यापैकी काहीतरी असेल. त्यानं हात जोडून मान्य केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, दादा. त्या टाळ्या आता फार लागतात.

कारण पोरं, प्रशिक्षक, बूट, सगळं योगीराजकडे गेलं आणि नाव रायभानच्या घरात राहिलं. योगीराजनं जिल्ह्याच्या कमिटीत नवी नोंदणी केली, 'ग्रीन सिटी फेज टू'. पोरांच्या पाठीवर नंबराऐवजी बुकिंगचा फोन आला. पहिल्या मैत्रीपूर्ण सामन्याला आम्ही हौसेनं गेलो खरे, पण ओरडायचं काय? "मोंढा, मोंढा" म्हणावं तर मैदानात मोंढा नाही. सोनूनं एकदा "फेज टू! फेज टू!" करून पाहिलं, तर मागच्या ओळीतल्या गृहस्थांनी प्लॉट एन. ए. आहेत का म्हणून विचारलं. आम्ही मध्यंतरालाच उठलो. आपलीच पोरं जिंकली, आणि आम्ही मयतीहून यावं तसे एसटीत बसून परतलो.

योगीराज दोनदा नाव मागायला येऊन गेला. वाजवी पैसेही देत होता. रायभान म्हणाला, "बैल नेला की न्हाई? मग दावं मागायला कशाला येता?" त्यात हट्ट कमी आहे, दादा. आडत गेली, क्लब गेला, आता हाक मारायला एवढंच उरलंय. लिंबाजीला मात्र फार लागलंय. बाजारात कुणाच्या गोठ्याचं नुकसान केलं नाही, म्हणतो, अन् घरच्याच माणसाचं केलं.

आणि आता कळस. रायभाननं दरसालच्या सवयीनं जिल्हा स्पर्धेत मोंढा इलेव्हनची प्रवेशिका भरली होती. चिठ्ठ्या निघाल्या. पहिलाच सामना, मोंढा इलेव्हन विरुद्ध ग्रीन सिटी फेज टू. संघ उतरला नाही तर नाव कायमचं खोडलं जाईल, असं कमिटीनं कळवलंय. परवा मल्हार आला होता, आपला पुढच्या फळीतला. रायभानच्या ओट्यावर बसून म्हणाला, "काका, तुमच्यावर गोल कसा मारू मी?" रायभान म्हणाला, "जोरात मार. हळू मारलास तर घरात घेणार न्हाई." मग मल्हार उठला. मीही उठून आलो.

असो. वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

आपला,
रंगनाथ

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं की रायभान फक्त तुमचं ऐकतो. त्याला फोन करून समजवा, नाव पोरांना देऊन टाक म्हणावं. पोरं आपली, नाव आपलं, उगाच दोन्हीकडून फजिती नको. मी सांगितलं हे मात्र सांगू नका.

दुसरा ता. क. वरचा ता. क. रद्द समजा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात रायभान आला. संघ उतरवायचाच म्हणतो. लिंबाजी गोलमध्ये, रायभान, मी, सोनू आणि हमाल संघटनेचे दोघे, असे सहा झालो. कमिटीत विचारलं, तर सातापेक्षा कमी माणसांत सामना सुरूच करत नाहीत. मानवतभर फिरलो, उरलेल्यांना कंबर आहे किंवा बायको आहे. येत्या नव्हे, पुढच्या रविवारी दुपारी चारला परभणीत सामना आहे. आदल्या दिवशीची गाडी धरून मानवत रोडला उतरा, सोनू मोटारसायकल घेऊन उभा राहील. बूट असतील तर आणा. दहा गोलांनी हरू असं बायनाबाईचं म्हणणं, लिंबाजी बारा म्हणतो. पण हरायलाही सात लागतात, दादा.