उकळत्या पाण्यातले उंदीर

सोमवार, मार्गशीर्ष व. ३. तामलवाडीजवळ, तंबूत.
प्लेगची तपासणी शिकायला हैदराबादहून दोन पोरं पाठवली होती. एक पहिल्याच दिवशी ताप आला म्हणून परत. ताप खरा की भीतीचा, देव जाणे. राहिला शिवलिंग. बी.एस्सी., वय एकवीस, घरी कानडी, बाहेर मराठी. हात स्थिर. तोंड नाही.

वाडीची माणसं पंधरा दिवस शेतात झोपड्या घालून राहिलीत. उंदीर मरून पडले की गाव सोडायचं, हे त्यांना आमच्याआधीपासून ठाऊक. आता थंडीनं पोरं काकडतात, घरी जायचंय. आम्ही उंदीर तपासून 'काही नाही' म्हणायची वाट बघतात. तहसीलदारांचा निरोप: लवकर उरका.

गोदाबाई म्हणून म्हातारी आहे, तिनं मेलेला उंदीर गळत्या फडक्यासकट थेट टेबलावर ठेवला. नको तितका ओरडलो.

बुधवार, व. ५
शि.ला सांगितलं: उंदराची प्लीहा कापायची, काचेवर घासायची, रंगवायची, मग सूक्ष्मदर्शकात दिसेल तेच लिहायचं. मी डोकावणार नाही. माझी रीतच ती. घाबरल्याशिवाय डोळा तयार होत नाही.

गोदाबाईचे आजचे चार उंदीर स्वच्छ. घाण नाही, अंगावर एक पिसू नाही. शि. खूश. मीही तिला म्हणालो, असेच आणत जा.

चारही काचांत जंतू नाही. शि.ची सही, खाली माझी.

शुक्रवार, व. ७
लोक घरी गेले. पाटलानं गूळ-शेंगदाणे पाठवले. शि.नं वडिलांना पत्र लिहिलं, मलाच मोठ्यानं वाचून दाखवलं. त्याच्या सहीवर गाव परतलं म्हणे. चेष्टा केली त्याची. पण बरं वाटलं.

रविवार, व. ९
शि. वाडीतून धावत आला. गोदाबाईच्या दारात चुलीवर हंडा, त्यात कडुलिंबाचा पाला आणि उंदीर. त्यानं विचारलं हे काय, तर म्हणाली, "सायबाच्या टेबलावर मेलेलं जनावर तसंच कसं ठिवावं? उकळत्या पाण्यातनं काढून उन्हात वाळवून आणते. त्या दिशी लई चिडले न्हवं."

म्हणजे पिसवा गेल्या, प्लीहा शिजली, जंतू ओळखू येतील तर शपथ. उंदीर इतका स्वच्छ कसा, हे शि.नं विचारलं नाही. पंधरा वर्षं हेच काम करून मीही नाही.

आणि हंड्यातला उंदीर आज सकाळचा. गावात पुन्हा पडू लागलेत. दुसरा एक न धुतलेला मागवून बघितला. काच जंतूंनी भरलेली.

सोमवार, व. १०
तहसीलदारांना कळवलं: चूक माझी. शि. भडकला. "मग माझी सही कशाला घेतली, डॉक्टरसाहेब?"

दोघं वाडीत गेलो. पाटील म्हणाला, "परवा तुमीच म्हणला काय न्हाय, आता म्हणता निघा. गाव काय बैलगाडी हाय व्हय, कवाबी जुपायची नि सोडायची?" कुणी हललं नाही. फक्त गोदाबाई निघाली, सुनेला आणि नातवाला घेऊन, तंबूजवळच्या झोपडीत राहायला.

वाटेत तिची माफी मागितली. तिला कळेना कशाची. म्हणाली, "पानी नीट उकळलं न्हवतं का?"

तोंड फिरवून पुढं चाललो. लाज वाटली.

बुधवार, व. १२
गोदाबाईच्या सुनेला सकाळपासून सणसणून ताप. जांघेत गाठ. गोळ्या दिल्यात, पुरतील तेवढ्या नाहीत. शि.नं गाठीतलं पाणी सुईनं काढलं. दुसऱ्यांदा टोचावं लागलं, पोरगी ओरडली, तो तिच्याएवढाच पांढरा.

पाटील चार माणसं घेऊन तंबूबाहेर बसलाय. म्हणतो, काचेत निघालं तर गाव आजच्या आज काढतो. नाही निघालं तर पुन्हा तोंड दाखवू नका.

काच रंगवून झाली. मी म्हणालो, सरक, मी बघतो. आज रीतबीत काही नको.

"नाही. मीच बघतो. पण तुम्ही इथं जवळ बसा."

बसलोय. हात रिकामा ठेववेना म्हणून लिहितोय. बाहेर गोदाबाई सुनेला पाणी पाजतेय, ते ऐकू येतं. शि. केव्हाचा डोळा लावून आहे. काच थोडी सरकवतो, थांबतो, पुन्हा सरकवतो. अजून मान वर केलेली नाही.