बिअरला दिलेली फोडणी

त्सुफेनहाउझेन (जर्मनी), नोव्हेंबर १९५९

तीर्थरूप दाजी,

यशवंताचा साष्टांग नमस्कार (कंबर धरलीय, म्हणून उभ्यानेच). वीणाताईचा गुडघा कसा आहे? तुमचा पोटातला वायू सरकतो की अजून छातीशीच मुक्काम? दारूबंदी खात्यात बढती मिळाल्याचं कळलं. ऐकून ऊर भरून आला आणि थोडी भीतीही वाटली. कारण पुढे येईलच.

माझे घरमालक हेर हेबर्ले (इथे 'हेर' म्हणजे श्रीयुत) तळघरात, कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात, घरची बिअर गाळतात. त्यांच्या बागवाल्या मंडळात 'हेबर्लेची बिअर म्हणजे पावसाचं पाणी' असं कुणीतरी बोललं. ते मला म्हणाले, "तू मसाल्यांच्या देशातला. काहीतरी नवी चव सुचव!" आधी वेलदोडे टाकले, तर बिअरला श्रीखंडाचा वास आला. मग आलं टाकलं, तर सर्दीचा काढा झाला. (मी फक्त चव पाहत होतो. चव पाहायला पेला लागतोच.) शेवटी मी विचार केला, आपल्याकडे आमटी बेचव लागली तर आपण काय करतो? शेंगदाण्याचं तेल इथे मिळत नाही, म्हणून मार्गारीन, म्हणजे इथला डालडा, तापवलं. मोहरी, जिरं आणि ताईने दिलेला हिंग घातला आणि चर्रर्र करून सगळी फोडणी हंड्यात ओतली!

दाजी, बिअरला तूप-तेल चालत नाही हो. फेस जो बसला, तो पुन्हा उठलाच नाही. हेबर्ले दारात मयत पाहावं तसे हंड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आल्झो (म्हणजे 'बरं तर'), पहिल्या तारखेला खोली रिकामी!" इथे काळ्या माणसाला खोली मिळवायची म्हणजे कारखान्यात नोकरी मिळवण्याहून कठीण. लेथचा आवाज ऐकून बेअरिंगचं दुखणं सांगणारा मी, त्या दिवशी मला स्वतःच्या छातीचे ठोकेच तेवढे ऐकू येत होते.

पण कान शेवटी कामाला आले. वरच्या खोलीतून हेबर्लेंची सासू कण्हत होती. तिला सगळे ओमा, म्हणजे आजी, म्हणतात. मधूनच गुडगुड. हा आवाज मी कुठेही ओळखीन. तुमच्याशेजारी पंगतीला बसलोय मी. त्याच फोडणीच्या बिअरचा पेला भरून वर नेला. ओमाने नाक धरून पिऊन टाकला. आणि दाजी, असा खणखणीत ढेकर दिला की भिंतीवरचं घड्याळ थांबलं! घर खरं तर ओमाच्या नावावर आहे. जिन्यातूनच जावयाला ओरडली, "इंडर (हिंदी माणूस, म्हणजे मी) राहील. तुला जायचं तर तू जा!"

आता शेजारच्या म्हाताऱ्याही पेला घेऊन जिन्यात बसतात. हेबर्ले त्यांना वाढतात आणि कुणी ढेकर दिला की माझ्याकडे रागाने बघतात.

ताईला नमस्कार.

आपला,
यशवंत

ता.क. हिंग संपला. खोली टिकायची तर खडा हिंग लवकर पाठवा, पार्सलवर 'औषध' लिहून.

ता.क. पत्र ताईला वाचून दाखवताना 'बिअर'च्या जागी 'ताक' म्हणा. गोष्ट बदलत नाही.

ता.क. कारखान्यातला माझा सोबती श्रीनाथ पुढच्या बोटीने मुंबईला येतोय. तुमच्यासाठी एक बाटली दिलीय, वर 'जिऱ्याचा काढा' लिहिलंय. (उष्म्याने ती कधीकधी फुटते, हे त्याला सांगितलेलं नाही.) गोदीवर तुम्ही स्वतः जा आणि रीतसर पकडा. नमुना तपासल्याखेरीज पंचनामा पुरा होत नाही, असं तुम्हीच सांगता. ढेकर आला की कळवा.