सहावी पेटी

तोरेमोरा, एप्रिल १९५९

कासिल्दा,

हे पत्र तुला द्यायची हिंमत माझ्यात नाही, तरी लिहितोय.

तुझ्यासाठी कॉलेज अर्धवट टाकून गावी आलो, नगरपालिकेत चिकटलो. नोकरी कायम झाली की तुझ्या आईकडे तुला मागणी घालणार होतो. तेवढ्यात महापौर डोकं धरून बसले. "एलाडिओ, माद्रिदजवळ जनरलसाहेबांचं यादवी युद्धाचं स्मारक उघडतंय. आपल्याकडून सहा शहिदांचे सांगाडे मागितलेत, कबरस्तानात पाचच निघाले. आता काय सासऱ्याला पेटीत घालू? तो तर अजून दोन वेळा जेवतोय!"

सगळे हसले. मीही हसलो आणि बोलून गेलो, "बदामाच्या झाडांखाली एक आहे."

जनरलच्या माणसांनी तुझ्या बाबांना गोळ्या घालून तिथे पुरलं, हे तू विश्वासाने फक्त मला सांगितलं होतंस.

तुला कोणी शिट्टी मारली तर त्याचे दात पाडणारा मी, मजूर खणत असताना टोपी हातात धरून उभा होतो. पेटीवर माझ्याच अक्षरात लिहिलं, 'देवासाठी आणि स्पेनसाठी धारातीर्थी पडलेला. नाव अज्ञात.' आता तुझे बाबा त्यांना मारणाऱ्यांच्याच स्मारकात आहेत आणि माझी नोकरी कायम झाली आहे.

काल तुझी आई त्या बदामांखालीच भेटली. "पोरा, ही माती कोणी उकरली रे?"

"रानडुकरं असतील, काकू."

त्यांनी गुडघे टेकून माती हाताने सारखी केली. "मग तू जरा लक्ष ठेव, बाळा. दुसऱ्या कोणाला सांगू?"

मी हो म्हणालो.

तुझा म्हणवायची लायकी गमावलेला,
एलाडिओ