हे उजवीकडून, मी डावीकडून

रविवार, ९ ऑक्टोबर

हे अजून आले नाहीत. अंधार पडला. बाहेर धो धो पाऊस!

सकाळी टेकड्यांवर फिरायला निघालो, तर फाटकाशीच आमची जुंपली. लेकीला परस्पर सांगून मोकळे — घर विकून कायमचे तुझ्याकडे येतो! मला विचारायचं तरी! मग नेहमीचा रिवाज. भांडण झालं की फेरी दोन बाजूंनी मारायची — हे उजवीकडून, मी डावीकडून. पलीकडे दगडांच्या राशीपाशी गाठ पडेपर्यंत राग उतरलेला असतो. आमचा संसार टिकलाय तो असाच.

निघताना लख्ख ऊन. मग वारा, भुरभुर, आणि बघता बघता धुकं. मागून कुणीतरी हाका मारत होतं, वाऱ्यात नीट ऐकू येईना. असेल कुणी मेंढपाळ, म्हटलं. तरातरा चालत राहिले. राशीपाशी कुडकुडत थांबले. हे नाहीत. रुसून घरी गेले असतील म्हणून मधल्या पायवाटेने उतरले. घराला कुलूप.

सोमवार, १०

शोधपथकाच्या प्रमुखाला ठणकावून सांगितलं, उजवीकडेच गेलेत. तो म्हणाला, "डावीकडेही दोघांना पाठवतो." मीच म्हटलं, "तिकडून तर मी स्वतः गेले! कशाला माणसं फुकट घालवता?" सगळे उजवीकडे. ओढा, कपारी, झुडपं — काही नाही. ऊन, पाऊस, पुन्हा धुकं.

लेक आली. "आई, चार घास तरी खा." ताट बाजूला सारलं.

मंगळवार, ११

प्रमुख आता माझ्याकडे बघून बोलत नाही. लेकीशीच बोलतो, तेही हळू आवाजात. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

देवा, विकून टाकते हे घर. लेकीकडे राहीन, म्हणशील तिथे राहीन. या माणसाला तेवढं परत आण!

मंगळवार, दुपार

लेकीने माझी ओली पिशवी उपसली. तळाशी यांचा रेनकोट! भांडणाच्या नादात द्यायचाच राहिला. चार थेंब पडले की यांची छाती भरते. भुरभुर लागल्यावर हे रेनकोटाशिवाय पुढे जातील? शक्यच नाही. मागे फिरले असणार. रेनकोटासाठी — माझ्या वाटेने, माझ्या मागे!

त्या हाका. अगं बाई, त्या हाका!

प्रमुखाला फोन लावला. रेनकोट, हाका, सगळं एकदमच बोलत सुटले. लेकीने फोन हातातून घेतला. "डावीकडे बघा. लवकर!"

मंगळवार, संध्याकाळ

सापडले! डाव्या वाटेखालच्या घळीत. पाय मोडलाय, अंग तापाने फणफणतंय, पण श्वास चालू आहे. स्ट्रेचरवर डोळे उघडले. वाटलं, आता माझा उद्धार होणार.

म्हणाले, "रागात किती भरभर चालतेस गं!"