दुसऱ्या ठिकाणी चालू आहे

३ मार्च, मंगळवार

उघडलं तर आजही तीच पाटी — ‘हे खातं दुसऱ्या ठिकाणी चालू आहे. इथे उघडल्यास तिथे बंद होईल.’ म्हणजे महाराज उठलेत! एवढ्या सकाळी! घरी होता तेव्हा पांघरूण ओढल्याशिवाय हलायचा नाही.

‘उघडा’ दाबलं. तिकडे धाकट्या भावाच्या स्क्रीनवरून सगळं गेलं असणार. लांबून मारलेली टपली.

खातं त्याचंच. गाणी करायचं हे सॉफ्टवेअर त्याने परगावी जाताना माझ्या लॅपटॉपवरही बसवून दिलं — ‘ताई, ऐकावंसं वाटलं तर ऐक. पण एका वेळी एकच जण हं.’ पहिले काही महिने धमाल होती. मी त्याला हाकलायचे, तो मिनिटात मला. लहानपणी खिडकीजवळच्या खुर्चीवरून चालायचं तसं. शेवटी वैतागून फोन करायचा, ‘ताई, हो ना बाजूला, काम आहे!’

थंडीपासून हाकलत नाही. माझं होईपर्यंत मुकाट्याने बाहेर थांबतो. शहाणा झाला की परका झाला, कोण जाणे.

५ मार्च, गुरुवार

यादीत नवी चाल आलीय. नाव काय, तर ‘नवीन सात’. आळशी तो आळशीच.

चाल मात्र सुरेख आहे. पूर्वी त्याचा ठेका अंगावर धावून यायचा. आता दोन स्वरांमध्ये केवढी जागा सोडतो! एकटा पडलाय का तिकडे? वेळेवर जेवतो का? चालीवरून तेवढं कळत नाही.

मोबाईलवर घेऊन कामावर नेली. साहेब कवळीचा साचा हातात धरून तसेच ऐकत राहिले. ‘कोणाचं हे?’ ‘माझ्या भावाचं!’ दिवसभर हवेत होते. आमच्या या कवळ्या बनवायच्या खोलीत आम्ही तिघं, तिघांच्या कानात आपापले इअरफोन. ‘प्लास्टर सरकव’ याच्या पुढे कुणी बोलत नाही. आज दोन वाक्यं जास्त झाली.

८ मार्च, रविवार

फोन केला. ‘कामात आहे गं.’ रविवारी?! ‘तुझं नवंसुद्धा सगळं ऐकतेय हो मी,’ म्हटलं. मग, ‘पाठ कशी आहे तुझी?’ माझ्या पाठीचं काय घेऊन बसलाय! बरी आहे म्हटलं. बरी नाहीये.

आई गेल्यापासून दोघंच उरलो. आणि दोघांतलं बोलणं म्हणजे — हं, बरं, ठेवतो.

९ मार्च, सोमवार

नेट नाही.

१० मार्च, मंगळवार

अजून नाही! सॉफ्टवेअर उघडतच नाही. आधी नेटवरून परवानगी आणायची, मग आत जायचं. नुसतं राखाडी चक्र गरगरतंय. ओट्यापाशी उभी राहून मी गायले होते आणि त्याने टिपून घेतलं होतं, तेही आतच अडकलंय. चाल भावाची, गळा माझा, लॅपटॉप माझा — आणि किल्ली भलत्याच कुणाच्या खिशात! कॅसेट होत्या तेव्हा फार तर फीत गुंतायची. पेन्सिल घालून फिरवली की झालं.

नेटवाला म्हणतो, ‘उद्या नक्की.’ त्याचा उद्या कुठल्याही कॅलेंडरात नसतो.

खरं सांगायचं तर मला गाण्यापेक्षा त्या पाटीची सवय झालीय. ती दिसली की वाटतं, आहे. उठलाय. काहीतरी करतोय. आज घर फार मोठं वाटलं. आहे दोनच खोल्यांचं.

१२ मार्च, गुरुवार

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांचं वायफाय दिलं. आमच्या घरापर्यंत पोहोचत नाही, जिन्यात येतं. तर बसले पायरीवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. पाटी आली! पगार वाढला तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

‘नवीन सात’ लावलं आणि काय अंगात आलं कोण जाणे, रेकॉर्डचं बटण दाबून वर गुणगुणले. शब्द नाहीत, नुसतं आ आणि ऊ. त्यात सर्दी, आवाज फाटलेला. मधेच बाईंचं दार उघडलं. ‘अहो, काय झालं? रडताय का?’ ‘नाही हो, गातेय.’ ‘अस्सं,’ म्हणाल्या आणि दार हळूच लावून घेतलं. तेही टिपलं गेलं!

पुसणार होते. राहू दिलं.

१३ मार्च, शुक्रवार

ठेवलंय त्याने!! बाईंचं ‘रडताय का’ तेवढं कापलंय, आणि माझ्या आवाजाखाली काहीतरी वाजवलंय, अगदी हलकं. जिथे गळा फाटला तिथे खालून सूर धरलाय, आजाऱ्याला जिना उतरवताना कोपराला धरतात तसा.

पायरीवर बसून रडले. या वेळी खरंच. बाईंनी दार उघडलं नाही.

१६ मार्च, सोमवार

नेट आलं. आता मी सकाळी एक ओळ गाते, दुसऱ्या सकाळी तिला उत्तर असतं. फोनवर ज्याचं घोडं ‘हं’च्या पुढे जात नाही, तो इथे किती बोलतो!

काल एका जागी मुद्दाम आईची लकब घेतली. शेवटचा सूर ती जरा चढवून सोडायची, स्वयंपाक करतानासुद्धा. त्याने दखलच घेतली नाही, सरळ पुढे गेला. विसरला असेल. थोडं लागलं मनाला. असो.

साहेब म्हणाले, ‘आज स्वारी खूश?’ ‘रोज बोलतो आम्ही भाऊ-बहीण,’ म्हटलं.

१९ मार्च, गुरुवार

धीर केला. या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी असते आणि पट्टीला नाव देता येतं. माझ्या पट्टीला नाव दिलं — ‘घरी कधी येतोस रे?’

फोनवर विचारायला जीभ अडते. इथे बोटांनी विचारून टाकलं.

२० मार्च, शुक्रवार

काही नाही.

२१ मार्च, शनिवार

आज पाटीसुद्धा नाही. सरळ उघडलं. हाकलायला पलीकडे कुणी नव्हतंच. कशाला विचारलं! बरं चाललं होतं. सुखाने गात बसायचं सोडून नको तिथे माती खाल्ली.

कपाटं आवरली. परत आवरली.

२३ मार्च, सोमवार

‘नवीन सात’मध्ये एक पट्टी वाढलीय. बिननावाची. वाजवली.

मुलीचा आवाज! कोवळा, घाबरलेला. ‘ताई... मी तुमचा भाऊ नाहीये. त्याच्या शेजारच्या खोलीत राहते. त्याने गाणं सोडलं, थंडीतच. कोल्ड स्टोरेजच्या गोदामात लागलाय, खोकी उचलायला. खातं मला देऊन टाकलं. तुम्हाला सांगायला त्याला तोंड नाही, म्हणतो. मला एकच अट घातली — सकाळी ताई येते. ती आली की तू गुपचूप बाहेर हो, तिला अजिबात हाकलायचं नाही. मी कधीच नाही हाकललं, ताई. तुम्ही गायलात ते मला आवडलं, म्हणून खाली वाजवत गेले. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण घरी कधी येतोस, याला मी काय उत्तर देऊ?’

परत परत ऐकलं. आधी तिचा राग आला. मग त्याचा, भयंकर. एवढे दिवस मी कुणाला टपल्या मारत होते! कुणाच्या जेवणाची काळजी करत होते! साहेबांसमोर कुणाच्या जिवावर मिरवले! ‘नवीन सात’ त्याचं नाहीच. आणि एक परकी पोर रोज सकाळी हातातलं काम टाकून माझ्यासाठी बाहेर बसत होती.

कामावर गेले नाही. कळवलंही नाही. बसून राहिले. तो मला हाकलत नव्हता, कारण तो तिथे नव्हताच. आणि तरी त्यानेच सांगून ठेवलं होतं.

२४ मार्च, मंगळवार

फोन लावला. ‘कामात आहे गं.’

‘माहीत आहे,’ म्हटलं. ‘त्या गोदामात फार गारठतोस का रे?’

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज, आणि — ‘हो ताई. फार.’