चावायच्या शब्दांचं टेबल

१२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस, कॉलेज अर्धवट सोडून मी इथे नेमकं करतो काय. तर मी चावतो. हसू नकोस. आमच्या इंग्रजी-मराठी कोशाचं काम विषयवार चालतं आणि सध्या खाण्याचं प्रकरण आहे. नुसत्या दातांच्या कामाला इंग्रजीत इतके शब्द आहेत की डोकं उठतं. संपादकांचा नियम असा, की जो अर्थ लिहायचा तो आधी तोंडात घेऊन पाहायचा. म्हणून दुपारी सगळे लांब टेबलाभोवती बसतो. मध्ये गाजरं, बिस्किटं, शेंगदाणे. लक्ष भलतीकडे ठेवून पुढच्या दातांनी बारीक बारीक तोडलं, तर ते निबल. तोंड भरून आवाज करत खाल्लं, की मंच. कठीण वस्तूला चिकाटीने दात लावून बसलं, की नॉ. काळजीसुद्धा माणसाला आतून तशीच 'नॉ' करते म्हणे. संपादक डोळे मिटून फक्त आवाज ऐकतात.

माझ्यासमोर प्रुफं तपासणारी बसते. ती बिस्किटाची कड कुरतडायला लागली की मला निबलचा अर्थ मराठीतच काय, कुठल्याच भाषेत सुचत नाही. ताई, मी संपलो. घास उतरत नाही. काल हिशेबनीस तिच्या हसण्यावरून काहीतरी बोलला, तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो.

लोभ आहे तसा ठेव. वाढव म्हणायला सध्या तोंड नाही.

तुझा,
आग्या

१९ फेब्रुवारी

चि. आग्यास,
अनेक आशीर्वाद.

बिस्किट खाणारी पोरगी पाहून घायाळ झालेला तू जगातला पहिलाच. पत्र मी बाबांना वाचून दाखवलं; तुझा घायाळ भाग अर्थात गाळून. ते म्हणाले, शब्द चावून पोट भरत असेल तर आम्हालाही शिकव म्हणावं. वरून रागावतात, पण शेजाऱ्यांना मात्र सांगतात की मुलगा कोशात आहे.

आता चेष्टा पुरे. तिला हे माहीत आहे का? नसेल तर एकदा सरळ, नीट शब्दांत विचार, आणि ती नाही म्हणाली तर गप्प बस. तुझं डोकं सटकलं की पुढे काय होतं, ते आम्ही कॉलेजच्या वेळी पाहिलंय. मास्तरांना उलट बोललास ते बोललास, वर वर्गाचं दार आपटून आलास, ते कायमचंच.

जेवत जा. माया आहेच, ती सांगायला वेगळी ओळ नको.

तुझी,
ताई

६ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मी विचारलं नाही. मी लिहिलं.

प्रत्येक अर्थाखाली एक उदाहरणाचं वाक्य लागतं, आणि ते दुसऱ्या कोशातून उचलायचं नाही, स्वतः रचायचं, असा इथला दंडक आहे. निबलखाली मी लिहिलं: 'ती बिस्किटाची कड कुरतडते आणि समोरच्याचं काम थांबतं.' मासा गळाला नुसतं तोंड लावून जातो, त्यालाही निबलच म्हणतात. तिथे लिहिलं: 'मासा गळाशी येऊन जातो, तशी ती हसून जाते.' नॉखाली: 'संध्याकाळी तिचा भाऊ तिला न्यायला येतो, तेव्हापासून सकाळपर्यंत विरह मला कुरतडतो.' वाटलं होतं, पहिलं प्रूफ ती एकटीच मनात वाचते, तिला कळेल, दुसऱ्या कुणाच्या लक्षात यायच्या आत मी वाक्यं बदलून टाकीन.

पण कामाला उशीर झाला होता, म्हणून मजकूर थेट मोठ्याने वाचायला गेला. त्यात एकाने हस्तलिखित वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि संपादकांनी प्रूफ पाहायचं. वाचायला तीच होती. सगळ्या खोलीसमोर तिने ती वाक्यं वाचली, ताई. आवाज जरासुद्धा हलला नाही. भावापर्यंत आली, 'पूर्णविराम' म्हणाली, कागद खाली ठेवला आणि उठून गेली. आमच्याकडे एकाच मुलीचा भाऊ न्यायला येतो.

हिशेबनीस फिसकन हसला. मी त्याची कॉलर धरली. त्याने संध्याकाळी सूड उगवला, भावाला फाटकातच सगळं सांगितलं. तेव्हापासून ती आलेली नाही. घरचे म्हणतात, नोकरी बंद. हे काम तिने भांडून मिळवलं होतं, आणि ते माझ्यामुळे गेलं. मी राजीनामा लिहून ठेवलाय. उद्या तिच्या घरी जाऊन भावाचे पाय धरतो. नाहीतर डोकं आपटून घेतो. दुसरं काही सुचत नाही.

लोभाला मी लायक नाही.

आग्या

९ मार्च

चि. आग्यास,
आशीर्वाद. आज एवढेच.

तिच्या घराची पायरी चढलास तर माझ्या घराची चढू नकोस. कुणाचे पाय धरायचे नाहीत. राजीनामा देऊन हिरो व्हायचं नाही. तिला तू तीन वाक्यांत बसवलंस आणि एकदाही विचारलं नाहीस. आता तरी विचार, तेही स्वतः जाऊन नको. तुमच्याकडे टायपिस्ट मावशी आहेत, असं तू मागे लिहिलं होतंस. त्यांना पाठव. तिला काय हवंय ते विचारून येऊ देत, आणि ती जे सांगेल ते तोंडातून ब्र न काढता कर.

मार खाण्याच्या वयात तुला आम्ही मारलं नाही, हे चुकलंच.

तरीही तुझीच,
ताई

२३ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मावशी जाऊन आल्या. तिचा निरोप असा, की तिला काम हवंय. मी काम सोडून गेलो तर लोक म्हणतील, काहीतरी होतंच, म्हणून त्याला घालवला. म्हणून मी जायचं नाही. दुपारी टेबलावर, तिच्या भावासमक्ष, सांगायचं की यात तिचा शब्द नाही, नजर नाही, काहीच नाही. सगळं माझ्या डोक्यातलं. त्यानंतर तिथेच बसून काम करायचं.

संपादकांनी भावाला बोलावून घेतलं. मी उभा राहून सांगितलं. हिशेबनीसाची माफीही मागितली, ती दातओठ खाऊन. दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः तिला कामावर पोचवून गेला. ती वाक्यं मी माझ्या हाताने खोडली. आता निबलखाली उंदीर आहे आणि नॉखाली कुत्रा. तिने वाचून दाखवली, बरोबर आहेत म्हणाली.

तू आता घरी ये म्हणशील, बाबांचीही तीच इच्छा असेल. पण हे प्रकरण संपेपर्यंत मला हलता येणार नाही. रोज समोर बसायचं, गाजर चावायचं, आणि वर पाहायचं नाही.

मला वाटलं होतं, ती निदान माझा राग तरी करेल. रागावर माणूस जगू शकतो. काल तिने मला विचारलं, पंखा जरा कमी कराल का, कागद उडतायत. कुणालाही विचारावं तसं. मी उठून कमी केला. ती 'थँक्यू' म्हणाली आणि पुढचं पान घेतलं. ताई, तिच्या मनात माझ्याबद्दल काहीच नाहीये.

तू तरी रागावत राहा.

तुझा,
आग्या