देठ कापलेली सफरचंदं

मंगळवार, १९ सप्टेंबर २०१७
दुपारी ३.१०. पॅकिंग हाउसच्या मॅनेजरचा फोन. "मिसेस के., तुमच्या हनीक्रिस्पना देठांनी भोकं पडलीत. अख्खा लॉट ज्यूसला."
माझी फळं! ज्यूसला!
हनीक्रिस्प सफरचंदाची साल नाजूक. बिनमध्ये, म्हणजे फळांच्या मोठ्या खोक्यात, एकाचा देठ दुसऱ्यात घुसतो, म्हणून तोडतानाच कात्रीने देठ कापायचा. या व्हॅलीत कित्येकांना त्याचा कंटाळा. मला नाही. शाळेत सिस्टर रोज आमची नखं तपासायच्या. मी रोज सकाळी पिकर्सच्या कात्र्या तपासते. दुपारी बिनमध्ये कोपरापर्यंत हात घालून बघते.
संताप.

बुधवार, २०
देशाच्या दुसऱ्या टोकाच्या कनाटा शहरातून मुलाचा, निखिलचा फोन. लपवलं नाही.
"आई, दॅट वॉज द डील."
होतीच. वसंतात मायलेकांत ठरलं: यंदाचं फळ पहिल्या प्रतीत गेलं तर झाडं राहतील, नाहीतर उपटून द्राक्षं. सगळी व्हॅली चेरी नाहीतर द्राक्षांकडे पळते आहे. "एव्हरीवन इज डूइंग इट, आई." म्हटलं, एव्हरीवनला विचारून मी तुझ्या बाबांशी लग्नही केलं नव्हतं.
हे गेल्यावर यांची जुनी म्हातारी झाडं काढून ही बुटकी हनीक्रिस्प मी लावली. तारांवर बांधली. तेव्हाही सगळे हसले. आता रस्त्यावर गाड्या थांबवून फोटो काढतात.

गुरुवार, २१
शेजारच्या गुरमीतच्या पिकअपमधून पॅकिंग हाउस. म्हटलं, बिन दाखवा. दाखवला. प्रत्येक फळाला उंदराच्या शेपटीएवढा देठ!
गुरमीत : "भाभीजी, ये तो आपके हैं ही नहीं."
मॅनेजर : "टॅगवर नंबर तुमचा आहे."
मी : "टॅग माझा, फळं नाहीत. दुसऱ्याच्या मुलाच्या गळ्यात माझ्या मुलाचं ओळखपत्र अडकवलंत म्हणून तो माझा होत नाही. माझी कुठे आहेत?"
मॅनेजरने कॉम्प्युटरवर शोधलं. माझे बिन आणणाऱ्या ट्रकमध्ये आणखी एकाचेही बिन होते, हे बोलून गेला.
म्हणजे टॅगची अदलाबदल झाली आणि माझ्या फळांवर कोणीतरी पहिली प्रत मिरवतो आहे.

रविवार, २४
मॅनेजर फोनवर, गोड आवाजात : "नेक्स्ट इयर वी विल टेक केअर ऑफ यू."
मी काय वृद्धाश्रमात नाव घातलंय? आणि पुढच्या वर्षी झाडं कुठे असणार?
गुरमीत चहाला. याने सफरचंदं उपटून चेरी लावली, म्हणून सल्ला तोच : "चेरी लगा लो, भाभीजी."
"आपकी चेरी पे बारिश हो तो सुखाने हेलिकॉप्टर बुलाना पडता है. मेरे सेब नखरे नहीं करते."
खूप हसला. जाताना माझी दोन सफरचंदं खिशात घातलीच.

बुधवार, २७
पॅकिंग हाउसला पत्र लिहिलं. निखिलला फोनवर वाचून दाखवलं. "आई, थोडं टोन डाउन कर." नाही केलं. मग हळूच, "तू खरंच सगळ्यांचे देठ कापलेस?" "शंका असेल तर येऊन बघ." झाडं उपटणाऱ्याला अजून फोन करत नाही म्हणाला. अजून.
पत्राचा शेवट उतरवून ठेवते :
'चूक माझ्या नावावर लेखी नोंदवलीत, तेव्हा दुरुस्तीही लेखी हवी, सहीसकट. शुक्रवार, ६ ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत. फोन नको. ज्यूसची बाटली तर मुळीच नको. सोबत माझ्या बागेतलं एक सफरचंद पाठवते आहे. त्याच्या देठाने काय टोचतं, तेवढं उत्तरात कळवा.'